निवड, वय आणि वाट : तरुण खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय निवडीचा महाराष्ट्रातील इतिहास
(विशेष संदर्भ : अहिल्यानगर जिल्हा)

प्रस्तावना

क्रीडा-इतिहासाचे लेखन बहुधा स्पर्धेच्या दिवसापासून सुरू होते. कोण जिंकले, किती वेळात जिंकले, कोणते पदक मिळाले याच्या नोंदी होतात आणि त्या पुढील पिढ्यांच्या हाती येतात. स्पर्धेपूर्वी झालेल्या निवडीची नोंद मात्र क्वचितच राहते. चाचणी कोठे झाली, तिची बातमी कोणापर्यंत पोहोचली, कोणते माप लावले गेले, जन्मतारखेचा पुरावा कोणी मागितला आणि बोटीचे अथवा विमानाचे भाडे कोणी भरले, या गोष्टी इतिवृत्तांत अडकून पडतात किंवा आठवणींतून विरून जातात. वास्तविक खेळाडूचे भवितव्य मैदानापेक्षा याच टप्प्यावर अधिक वेळा ठरलेले आहे.

प्रस्तुत लेखात तरुण खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय निवडीचा महाराष्ट्रातील इतिहास तपासला आहे. या विषयाकडे पाहण्याचे निमित्त ओरिएंटियरिंग या खेळाने पुरविले. नकाशा आणि होकायंत्र यांच्या आधारे अनोळखी मुलखातून ठरावीक ठिकाणे गाठत कमीत कमी वेळात धाव पूर्ण करणे, असे या खेळाचे स्वरूप आहे. युरोपच्या उत्तरेकडील देशांत तो शाळकरी मुलांचा खेळ आहे. सह्याद्रीच्या कुशीतील अकोल्यापासून पाथर्डी-शेवगावच्या पठारापर्यंत पसरलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यात (२०२४ पर्यंतचा अहमदनगर) पायांना आणि नजरेला अशी सवय असलेली मुले कमी नाहीत. असे असूनही या खेळाच्या निवडीच्या वाटेवर ती दिसत नाहीत. ती का दिसत नाहीत, याचे उत्तर शोधण्यासाठी शंभर वर्षे मागे, १९१९ च्या पुण्यात जावे लागते.

डेक्कन जिमखाना आणि अँटवर्पची निवड (१९१९-२०)

डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ मध्ये पुण्यात झाली. देशी व पाश्चात्त्य अशा दोन्ही खेळांना तेथे आश्रय होता. १९१९ च्या सुमारास सर दोराबजी टाटा जिमखान्याचे अध्यक्ष असताना तेथील धावण्याच्या शर्यती त्यांच्या पाहण्यात आल्या. पुढे १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या दिवसांची हकीकत कळविली आहे. भारतीय ऑलिंपिक चळवळीच्या प्रारंभाचे ते महत्त्वाचे साधन होय. पत्रातील वर्णनाचा आशय असा : शर्यतीत उतरलेली सर्व मुले शेतकरी वर्गातील होती, ती शेतात राबत, त्यांचा आहार निकृष्ट होता आणि युरोपीय नियमांची अथवा आधुनिक प्रशिक्षणाची त्यांना काहीही कल्पना नव्हती. जिमखान्याच्या क्रीडा समितीचे ज्ञानही फारसे पुढे नव्हते. शंभर यार्डांच्या प्राथमिक फेऱ्या वळणावरून आणि धावपट्ट्यांच्या दोऱ्या न बांधता घेण्याचा तिचा बेत होता. लांब पल्ल्याची शर्यत खडीच्या टणक रस्त्यावर झाली आणि मुले अनवाणी धावली. या मुलांच्या वेळा युरोपीय धावपटूंच्या वेळांशी तुलना करण्याजोग्या असल्याचे टाटांना जाणवले. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनाही ही कामगिरी लक्षणीय वाटली आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतातून काही खेळाडू पाठविण्याचा विचार त्यातून पुढे आला.

याच काळातील एक प्रसंग अनेकदा सांगितला जातो. शंभर मीटरच्या प्राथमिक फेरीसाठी किती वेळेची पात्रता लागेल, असे टाटांनी जिमखान्याच्या एका प्रमुख सभासदास विचारले. एक ते दोन मिनिटे लागत असावीत, असे उत्तर आले. येथे मिनिटांचा नव्हे, तर सेकंदांचा आणि त्यांच्या दशांशांचा प्रश्न आहे हे ऐकून ते गृहस्थ थक्क झाले. हा प्रसंग विनोद म्हणून सांगितला जातो. इतिहासाच्या दृष्टीने त्याचा अर्थ गंभीर आहे. निवड करणाऱ्यांजवळ धावणारी मुले होती, परंतु मोजण्याचे माप नव्हते. टाटांनी केलेले मुख्य कार्य केवळ पैसे देण्याचे नव्हते. पुण्याच्या रस्त्यावरील धावेला जगाच्या घड्याळाशी जोडणे हे होते.

१९२० च्या उन्हाळ्यात पुण्यात निवडचाचणी झाली आणि चार धावपटू व दोन मल्ल निवडले गेले. बेळगावकडील फाडेप्पा दारेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि एच. डी. कैकाडी हे लांब पल्ल्याचे धावपटू; बंगालचे पी. सी. बॅनर्जी हे कमी अंतराचे धावपटू. तर कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे मल्ल. सहापैकी पाच नावे दक्षिण महाराष्ट्र व त्याला लागून असलेल्या कानडी-मराठी सीमाभागाच्या वळणाची आहेत. तो संपूर्ण हिंदुस्थानचा संघ म्हणून गेला, परंतु निवडीचे जाळे प्रामुख्याने पुण्याभोवती टाकलेले होते. पुण्याच्या चाचणीची वार्ता ज्यांच्यापर्यंत पोहोचली आणि पुण्यास येणे ज्यांना परवडले त्यांच्यातूनच देशाचे प्रतिनिधी ठरले. पुण्याहून नगर केवळ सव्वाशे किलोमीटर. तरीही घाटावरच्या या दुष्काळी जिल्ह्यातील कोणी तरुण त्या यादीत नाही.

संघ जून १९२० मध्ये मुंबईहून बोटीने निघाला. लंडनमध्ये स्टॅमफर्ड ब्रिजच्या मैदानावर काही आठवडे त्यांना इंग्रज प्रशिक्षकाच्या हाताखाली सराव मिळाला. खर्चाचा भार टाटांनी पदरचे पैसे घालून, सरकारी साहाय्याने आणि वर्गणीतून उचलला गेला. २२ ऑगस्ट १९२० रोजी झालेल्या मॅरेथॉनमध्ये चौगुले २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद या वेळेसह एकोणिसावे आले. त्या वर्षीचे अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे ऑलिंपिकमधील आजवरचे सर्वांत लांब होते; फिनलंडच्या हॅनेस कोलेमाइननने ती शर्यत २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत जिंकली. रणधीर शिंदे फेदरवेट गटात चौथे आले. काही महिन्यांपूर्वी शास्त्रशुद्ध प्रशिक्षणाचा गंधही नसलेल्या तरुणांची ही कामगिरी आहे. पदकांच्या कोष्टकात तिला स्थान नाही आणि म्हणून ती फारशी आठवलीही जात नाही.

१९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी पद्धत बदलली. प्रांतोप्रांती चाचण्या होऊन वर्षाच्या आरंभी दिल्लीत अखिल भारतीय स्पर्धा झाली आणि वाय. एम. सी. ए. च्या नोरेन व बक या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी तिला शिस्त लावली. निवड अधिक व्यापक झाली, मापे अधिक काटेकोर झाली. १९२७ मध्ये टाटांच्या अध्यक्षतेखाली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली. खडीच्या रस्त्यावर अनवाणी धावणाऱ्या मुलाला मात्र आता जिमखान्याच्या अध्यक्षाची नजर पुरेशी नव्हती. त्याला आधी जिल्ह्याचे, मग प्रांताचे, मग देशाचे दार ओलांडावे लागणार होते. व्यवस्था न्याय्य होत असतानाच तिच्या पायऱ्या वाढल्या, ही या काळातील विसंगती नोंदविण्याजोगी आहे.

एक गुण आणि सात हजार रुपये

स्वातंत्र्योत्तर काळात निवडीच्या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण खाशाबा जाधव यांचे आहे. कराड तालुक्यातील गोळेश्वर येथे १९२६ मध्ये जन्मलेले खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी कोल्हापूर संस्थानच्या महाराजांनी त्यांना साहाय्य केले. लाल मातीत घडलेला हा मल्ल तेथे मॅटवर उतरला आणि फ्लायवेट गटात सहावा आला.

पुढील चार वर्षांनी हेलसिंकीसाठीची निवड त्यांच्या हातून निसटत होती. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत निरंजन दास यांच्याकडून ते एका गुणाने पराभूत ठरविले गेले. हा निर्णय अन्यायकारक असल्याची खाशाबांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, फेरलढत झाली आणि तीत त्यांनी प्रतिस्पर्ध्याला चीतपट केले. दाद मागण्याची कोणतीही लेखी पद्धत तेव्हा नव्हती. एका संस्थानिकाच्या कानापर्यंत आवाज पोहोचला, म्हणून फेरलढत झाली. ज्यांचा आवाज पोहोचला नाही अशा मल्लांची यादी कोणाजवळही नाही.

त्यानंतर प्रवासखर्चाचा प्रश्न उभा राहिला. खाशाबांनी गावोगाव वर्गणी मागितली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. महाविद्यालयीन अध्यापकांनी विद्यार्थ्यासाठी काय केले याची उदाहरणे शोधावयाची झाल्यास यापेक्षा ठळक उदाहरण सापडणे कठीण आहे. जुलै १९५२ मध्ये खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्याच संघातील कोल्हापूरचे केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात नाही. तेथेही दोन कुस्त्यांमध्ये मिळावयास हवी ती विश्रांती खाशाबांना नाकारली गेली आणि ती मागण्यासाठी भारताचा एकही अधिकारी आखाड्याजवळ हजर नव्हता, असे सांगितले जाते. निवड करून पाठविलेल्या खेळाडूबरोबर उभे राहणे हाही निवडीचाच एक भाग आहे, हे व्यवस्थेला उमजण्यास पुढे बराच काळ जावा लागला.

कनिष्ठ गट आणि जन्मतारीख

१९२० च्या पुण्यातील धावणाऱ्यांना टाटांनी मुले म्हटले, परंतु त्यांच्या वयाची चौकशी कोणी केली नाही. कनिष्ठ ही श्रेणी तेव्हा अस्तित्वातच नव्हती. भारतीय शालेय क्रीडा महासंघ १९५४ मध्ये स्थापन झाला आणि शालेय स्पर्धांना वयोगटांची चौकट मिळाली. आंतरराष्ट्रीय पातळीवर मैदानी खेळांची पहिली जागतिक कनिष्ठ स्पर्धा १९८६ मध्ये अथेन्स येथे झाली. ओरिएंटियरिंगची १९९० मध्ये स्वीडनमधील एल्व्सबिन येथे. वयाचा हिशेब दोन्ही खेळांत सारखा नाही. मैदानी खेळांत स्पर्धेच्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत खेळाडूला वयाची वीस वर्षे पूर्ण झालेली चालत नाहीत, तर ओरिएंटियरिंगमध्ये ज्या वर्षी वीस पूर्ण होतात ते संपूर्ण वर्षही कनिष्ठ गटातच धरले जाते. म्हणजे एकच तरुण एका खेळात कनिष्ठ आणि दुसऱ्यात प्रौढ ठरू शकतो.

या नियमांची गाठ महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात एका विलक्षण सामाजिक वस्तुस्थितीशी पडते. ती म्हणजे १ जून ही जन्मतारीख. गावातील गुरुजींनी मुलाला शाळेत घालताना जन्माची नोंद नसल्यास प्रवेशाचे वर्ष पाहून, सहा वजा करून, १ जून लिहावयाचे ही प्रथा अनेक दशके सर्रास चालली. दरवर्षी ३१ मे रोजी राज्यातील सरकारी कार्यालयांत व शाळा-महाविद्यालयांत निरोपसमारंभांची जी गर्दी उडते तिचे मूळ याच प्रथेत आहे. या पानांच्या वाचकांना तिचा अनुभव निराळा सांगावयास नको. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे, परंतु वस्तीवर, ऊसतोडीच्या फडावर अथवा मेंढपाळांच्या वाड्यावर जन्मलेल्या मुलाची नोंद वेळेवर होत गेली असे म्हणता येत नाही. सातव्या वर्षी शाळेत आलेले मूल कागदावर एक वर्षाने लहान झाले, पाचव्या वर्षी आलेले एक वर्षाने मोठे. नोकरीत याचा परिणाम निवृत्तीच्या वेळी जाणवतो. कनिष्ठ खेळाडूच्या बाबतीत तो सतराव्या-अठराव्या वर्षीच जाणवतो, कारण तेथे एका वर्षाच्या फरकाने संपूर्ण गट बदलतो.

वयचोरी हा भारतीय कनिष्ठ क्रीडाक्षेत्रातील जुना रोग आहे. केंद्र सरकारने २०१० मध्ये तिच्याविरुद्ध राष्ट्रीय संहिता लागू केली. क्रिकेट मंडळाने डाव्या मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय ठरविणारी टॅनर-व्हाइटहाउस पद्धत स्वीकारली. फसवणुकीला आळा घालण्यासाठी हे आवश्यक होते, यात शंका नाही. तथापि हाडांचे वय हे पंचांगातील वय नसते. ते आहारावर, आजारपणावर आणि अनुवंशावर अवलंबून असते. कुपोषित मुलाच्या हाडांची वाढ मागे राहते, तर लवकर वयात आलेल्या मुलाचे हाड वयापेक्षा पुढचे आकडे दाखविते. त्यामुळे प्रामाणिक जन्मदाखला असलेला मुलगाही या तपासणीत मोठा ठरू शकतो. कागद खोटा असण्याची शक्यता गृहीत धरून हाडाला साक्षीला बोलावले गेले. हाडाची साक्षही निर्विवाद नाही.

कनिष्ठ निवडीतील आणखी एक दोष कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्नस्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिला. तेथील आइस हॉकी संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्या खेळाडूंचे प्रमाण लक्षणीय जास्त होते, कारण १ जानेवारी ही गणनेची तारीख असल्याने जानेवारीत जन्मलेले मूल डिसेंबरमधील मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठे असूनही दोघे एकाच गटात मोजले जात. शारीरिक वाढीतील हा फरक निवड करणाऱ्यांना गुणवत्ता म्हणून दिसला. आपल्याकडे ज्यांची जन्मतारीखच गुरुजींनी ठरविली, त्यांच्या बाबतीत असा अभ्यास करावयाचा तर कोणत्या तारखेवर विसंबावयाचे, हाच पहिला प्रश्न उभा राहील.

बालेवाडीचे माप आणि त्याबाहेर राहिलेला धावपटू

१९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्याजवळ बालेवाडी येथे श्री शिवछत्रपती क्रीडानगरी उभी राहिली. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनींनी निवडीचे शास्त्र प्रथमच शाळेपर्यंत नेले. उंची, वजन, ३० मीटर धाव, उभी उडी, मेडिसिन बॉलची फेक, लवचिकता, ८०० मीटर धाव अशा चाचण्यांची मालिका घेऊन लहान वयातच मुले निवडावयाची आणि निवासी प्रशिक्षण द्यावयाचे, अशी ही योजना. १९१९ मध्ये जिमखान्याजवळ जे माप नव्हते ते आता तालुक्याच्या मैदानावर आले. याच बालेवाडीत ऑक्टोबर २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या आणि यजमान भारत पदकतालिकेत प्रथम राहिला.

चाचणीच्या दिवशी जे दिसते तेच या मापाने मोजता येते, ही त्याची मर्यादा. अहिल्यानगर जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. आष्टीचा बाजार, दवाखाना आणि आता रेल्वेही नगरशी जोडलेली आहे. भूप्रदेश आणि पाऊसमान यांच्या दृष्टीने हा एकच मुलूख होय. तेथील मांडवा या गावी १९९४ मध्ये अविनाश साबळे यांचा जन्म झाला. बारावीनंतर ते सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये भरती झाले. सियाचिनच्या हिमप्रदेशात आणि राजस्थानच्या वाळवंटात सेवा केल्यानंतर २०१५ मध्ये ते सैन्यांतर्गत क्रॉसकंट्री शर्यतींत उतरले आणि २०१७ मध्ये स्टीपलचेसकडे वळले. म्हणजे कनिष्ठ गटाचे वय उलटून गेल्यावर त्यांची खरी सुरुवात झाली. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंद या वेळेसह रौप्यपदक मिळविले. सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकले. १९९८ ते २०१८ या सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाकडे गेली होती, हे लक्षात घेतल्यास या रौप्याचे मोल कळते. २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले.

साबळे यांची कथा जिद्दीची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. निवडव्यवस्थेच्या दृष्टीने मात्र ती एका त्रुटीची नोंद आहे. लांब पल्ल्याच्या धावपटूची क्षमता उशिरा उमलते. तेरा-चौदाव्या वर्षीच्या ३० मीटर धावेत ती दिसत नाही. सैन्यभरती नसती तर ती दिसलीही नसती. या पट्ट्यातील तरुण पहाटे रस्त्याने धावताना दिसतात ते बहुतांशी भरतीसाठी. क्रीडाखात्याच्या चाचणीपेक्षा सैन्य आणि पोलीस यांची भरती हीच या मुलखाची मोठी निवडचाचणी आहे, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

क्रिकेटची कथा वेगळी असली तरी दिशा तीच दाखविते. झहीर खान यांचा जन्म १९७८ मध्ये श्रीरामपूरला झाला आणि अजिंक्य रहाणे यांचा १९८८ मध्ये संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द येथे. दोघेही भारताकडून खेळले. झहीर यांना त्यासाठी तरुणपणी श्रीरामपूर सोडून मुंबई गाठावी लागली. पुढे चेन्नईतील वेगवान गोलंदाजांच्या प्रबोधिनीत ते घडले आणि प्रथम दर्जाचे क्रिकेट बडोद्याकडून खेळले. रहाणे डोंबिवलीत वाढले आणि मुंबईच्या मैदानांवरून एकोणीस वर्षांखालील भारतीय संघापर्यंत गेले. जिल्ह्यात राहून त्या संघाच्या निवड समितीसमोर उभे राहणे त्या काळात जवळजवळ अशक्य होते.

नकाशा : निवडीची दडलेली अट

आता ओरिएंटियरिंगकडे वळता येईल. नॉर्वेत १८९७ मध्ये या खेळाची पहिली सार्वजनिक स्पर्धा झाली. पहिल्या महायुद्धानंतर स्वीडनमध्ये मेजर अर्न्स्ट किलँडर यांनी तरुणांना पुन्हा धावण्याकडे वळविण्यासाठी त्याला आजचे रूप दिले. १९६१ मध्ये कोपनहेगन येथे दहा देशांनी आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापला. जागतिक कनिष्ठ स्पर्धेसाठी प्रत्येक देशाला सहा मुलगे आणि सहा मुली पाठविता येतात. या बारा जणांची निवड करण्याची रूढ रीत म्हणजे अनोळखी जंगलात चाचणीच्या शर्यती घेणे. स्पर्धेचा परिसर आधीपासून निषिद्ध ठेवला जातो, जेणेकरून कोणीही तेथे जाऊन वाटा पाहून ठेवू नयेत. पाय किती वेगाने पडतात याबरोबरच धावता धावता नकाशा किती अचूक वाचता येतो, हे येथे तपासले जाते.

येथेच अकोले तालुक्यातील मुलाची अडचण आहे. कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगडाच्या परिसरातील महादेव कोळी व ठाकर वस्त्यांतील मुले वाट ओळखण्यात तरबेज असतात. एकोणिसाव्या शतकात राघोजी भांगरे यांच्या बंडाच्या वेळी याच डोंगरांनी इंग्रज फौजेला वर्षानुवर्षे चकविले होते, आणि तेथील वाटाड्याशिवाय सरकारी शिपायांचे पाऊल पुढे पडत नसे. परंतु वाटाड्याचे ज्ञान आपल्या मुलखाचे असते. ओरिएंटियरिंगमध्ये परक्या मुलखाचा कागद वाचावा लागतो. ही दोन कौशल्ये परस्परविरोधी नाहीत. पहिले ज्याच्याजवळ आहे त्याला दुसरे लवकर साधते. त्यासाठी हाती नकाशा मात्र हवा.

भारतात नकाशा हा दीर्घकाळ सामान्य नागरिकाचा नव्हता. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ चा. पण त्याची स्थलनिर्देशक पत्रके लष्करी गरजेतून जन्मली आणि स्वातंत्र्यानंतरही ती खरेदी करणे व वापरणे निर्बंधांखाली राहिले. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षण मालिका आणि खुली मालिका अशा दोन स्वतंत्र मालिका केल्या. २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्थांना भूस्थानिक माहिती गोळा करण्यास व वापरण्यास मोकळीक दिली. तोपर्यंत नगर जिल्ह्यातील विद्यार्थ्याची नकाशाशी गाठ दोनच ठिकाणी पडत असे : महाविद्यालयाच्या भूगोल प्रयोगशाळेत आणि राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिरात. पहिल्या ठिकाणी तो टेबलावर पसरून समोच्च रेषांची उत्तरे लिहीत असे, दुसऱ्या ठिकाणी होकायंत्र लावून दिशांश काढीत असे. नकाशा हातात धरून कोणी धावत नसे. नगर शहरात चिलखती दलाचे आणि यांत्रिक पायदळाचे प्रशिक्षण केंद्र आहे. नकाशावाचन हा सैनिकी शिक्षणाचा नित्याचा भाग असल्याने शहरात नकाशा वाचणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. छावणीच्या भिंतीबाहेर ते ज्ञान आले नाही इतकेच.

शिवाय नकाशा मिळाला तरी तो पुरेसा नाही. सर्वेक्षण विभागाच्या पत्रकांचे प्रमाण १:५०,००० असून समोच्च रेषांतील अंतर २० मीटर असते. अहिल्यानगर शहराचा भाग ४७ आय या अंशपत्रकात येतो, तर कळसूबाईचा भाग ४७ ई मध्ये. ओरिएंटियरिंगच्या जंगल शर्यतींना १:१५,००० अथवा १:१०,००० प्रमाणाचा, पाच मीटर अंतराच्या समोच्च रेषांचा नकाशा लागतो, ज्यावर मोठा खडक, ओहोळ, बांध आणि झाडीची दाटी हे सर्व दाखविलेले असते. असा नकाशा कोणी तरी पायी फिरून तयार करावा लागतो. १९१९ मध्ये पुण्यात धावणारी मुले होती आणि माप नव्हते. अकोल्यात आज माप जगजाहीर आहे, मुलेही आहेत, आणि ज्यावर ती मोजली जावीत तो कागद नाही. तो तयार करण्यास धावपटूंची नव्हे, तर भूगोलाच्या विद्यार्थ्यांची, पावसाळ्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांची आणि वनखात्याच्या परवानगीची आवश्यकता आहे. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या हातातल्या आहेत.